आरोपी क्रमांक दोन

प्रेमसिंग आडेला तांड्यात कुणी प्रेमसिंग म्हणत नाही. लहानथोर सगळे कारभारी म्हणतात. कारभारी म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, याच्या हातात काही कारभार असेल, कमरेला किल्ल्या असतील, चार माणसं पुढेमागे करत असतील. तसलं काही नाही. बंजारा तांड्यात नाइकाच्या खालोखाल कारभाऱ्याचा मान. मान म्हणजे काय, तर कुणाचं भांडण झालं, कुणाची सोयरीक मोडली, कुणाची शेळी कुणाच्या तुरीत शिरली, की बैठकीत बसून सगळ्यांच्या वतीनं बोलायचं. शिव्या खायच्या त्याही सगळ्यांच्या वतीनं. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या भीमसिंग तांड्यात हे काम प्रेमसिंगच्या गळ्यात पडलं त्याला आता सव्वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा कोर्टाच्या बाकड्यावर गेली. मान आहे तिथंच आहे, गुडघे मात्र कामातून गेले.

हे कोर्टाचं झेंगट मागं लागलं ते एका बसपायी.

२०१९ चा एप्रिल होता. तांड्यातली माणसं ऊसतोडीचा हंगाम संपवून परत येत होती. पाच महिने कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत काढलेले. ट्रकमध्ये भांडीकुंडी, अंथरुणं, दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. मुकादमाच्या ट्रकनं त्यांना सकाळी सातच्या सुमारास तांड्याच्या फाट्यावर उतरवलं. फाट्यावर शाळेला निघालेल्या सात-आठ पोरी उभ्या होत्या. त्यांत प्रेमसिंगची नात दिपा होती. पाच महिन्यांनी आजी दिसली म्हणून ती पळत येऊन रूपाबाईच्या गळ्यात पडली. तेवढ्यात गोरेगावकडे जाणारी बस आली, आणि न थांबता धुरळा उडवत निघून गेली.

“ही रोज अशीच जाती का गं?” रूपाबाईनं विचारलं.

“रोजच. हितं थांबा न्हाई म्हंतेत. आमी चालत जातो.”

साडेचार किलोमीटर. रूपाबाई ही प्रेमसिंगची बायको. तिला फार बोलायची सवय नव्हती, ती करून मोकळी व्हायची. तिनं डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसकण मारली. “दुसरी बस येईलच ना? ती थांबती का न्हाई ते पाहू.” तिच्या शेजारी सून शिला बसली, मुलगा रामप्रसाद बसला, विधवा जाऊ बसली, शेजारची दोन जोडपी बसली. प्रेमसिंगला आधी लाज वाटली. मग, बायको बसलेली आणि कारभारी उभा, हे काही बरं दिसत नाही म्हणून तोही बसला. झाले नऊ.

तासाभरात दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागली आणि पोलिसांची जीप आली. उठा म्हटल्यावर सगळे उठले. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. जीपमधल्या जमादारानं गाठोडी उघडून पाहिली, त्यात कोयते निघाले. आता ऊसतोड्याच्या गाठोड्यात कोयता नसेल तर काय हार्मोनियम असेल? पण कागदावर लिहिलं गेलं ते असं : नऊ जणांनी बेकायदेशीर जमाव जमवून, हातात कोयते यांसारखी घातक शस्त्रं उगारून, रहदारीस अडथळा केला. आरोपी क्रमांक एक प्रेमसिंग. आरोपी क्रमांक दोन रूपाबाई.

ठाण्यात रूपाबाई एकच वाक्य बोलली, पण चार वेळा बोलली. “आमाला काहून आनलं ते सांगा.” अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावंच लागतं, हा हक्क आपल्या संविधानात आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला फक्त काहून म्हणायची सवय होती. चौथ्या वेळी जमादार वैतागून म्हणाला, “बाई, गप बस, सायंकाळी सोडतो.” सायंकाळच्या आत सोडलंही. कोयते तेवढे ठेवून घेतले.

पहिली तारीख पडली नोव्हेंबरात. तोवर बाकीचे आठही जण ट्रकमध्ये बसून पुन्हा उसावर गेले होते. ऊस जोडीनंच तोडतात, म्हणून रूपाबाई जावेशी जोडी करून गेली होती. प्रेमसिंग एकटा मागं राहिला, तारखेसाठीच राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं, असा तो कोर्टात उभा राहिला. शिपायानं पुकारलं, “आरोपी क्रमांक एक.” प्रेमसिंग म्हणाला, “हाजीर.” “आरोपी क्रमांक दोन.” प्रेमसिंगच म्हणाला, “हाजीर.” नऊच्या नऊ नावांना त्यानं खणखणीत आवाजात हाजीर म्हटलं. वकिलांच्या बाकावर हसू फुटलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाबा, तुम्ही एकटे आहात की नऊ?”

“मी तांड्याचा कारभारी हाव, साहेब. त्याहिच्या वतीनं मीच.”

तांड्याच्या बैठकीत हे अगदी रीतीला धरून होतं. तिथं कारभारी बसला की सगळे बसले असं धरतात, आणि त्यानं शब्द दिला की तो सगळ्यांवर बांधील असतो. कोर्टात तसं नसतं. तिथं ज्यानं त्यानं आपापल्या पायांनी यायचं. बाकीच्या आठ जणांवर वॉरंट निघालं. तोडणी अर्धी टाकून, मुकादमाची बोलणी खात, आठही जणांना तीनशे किलोमीटरवरून परत यावं लागलं. त्या दिवशी प्रेमसिंगला कळलं की इतकी वर्षं आपण जे काम करत आलो, ते फाट्याच्या अलीकडेच चालतं.

व्यंकटराव वकील लावले होते. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. ते म्हणाले, “कारभारी, कबूल करून टाका सगळे. थोडाफार दंड होईल, घरी जाल. नाहीतर चपला झिजतील.” तांड्यात बैठक बसली. सगळ्यांना पटलं होतं. दंड भरू, मोकळे होऊ, उसावर जाऊ. प्रेमसिंगही मान हलवणार, एवढ्यात बायकांच्या बाजूनं रूपाबाई उठली.

“माझ्या आज्याला चावडीवर रोज हजेरी द्या लागायची,” ती म्हणाली. “काय केलं व्हतं त्यानं? बंजाऱ्याच्या पोटी जलमला व्हता, तेवढंच. तवा कायदाच तसा व्हता, चोर म्हनूनच लिवून ठेवलं व्हतं आपल्याला. तो कायदा गेला. आता मीच आपल्या हातानं अंगठा देऊन लिवून देऊ का, की व्हय, मी गुन्हेगार हाव म्हनून? पोरीयसाठी बस मागितली. कबूल करू काहून?”

  प्रेमसिंगनं शब्द दिला, “कबूल करायचं न्हाई.” आणि कारभाऱ्याचा शब्द म्हणून तो नऊ जणांवर बांधील झाला.

मग तारखा सुरू झाल्या. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर, कधी सरकारी वकिलांची बदली. मध्ये करोना आला, कोर्टच बंद. पुन्हा उघडलं तर नवे साहेब, आणि सगळं पहिल्यापासून. प्रेमसिंग सकाळच्या सवारी जीपनं निघायचा, मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, अकरापासून बाकड्यावर वाट बघायचा. चार वाजता देविदास कारकून दारातून सांगायचा, “पुढची तारीख घ्या.” देविदासचाही दोष नव्हता. त्याच्या टेबलावर अशा फायलींची चळत होती, आणि प्रत्येक फायलीमागं कुणीतरी बाकड्यावर बसलेलं होतं. सुरुवातीला प्रेमसिंगला राग यायचा. दुसऱ्या वर्षी कंटाळा आला. तिसऱ्या वर्षी तोही गेला, नुसता शीण राहिला.

त्याच तिसऱ्या वर्षी रूपाबाई गेली. काविळीचं निमित्त झालं. हिंगोलीला आठ दिवस दवाखान्यात होती, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. घरी आणल्यावर तिनं एक दिवस प्रेमसिंगला जवळ बसवलं. डोळे पिवळे झाले होते, आवाज मात्र तोच होता.

“ते कोर्टातलं मिटवाल का मी गेल्यावर?”

“न्हाई.”

“मिटवू नका. माझी चूक न्हवती असं त्याहिच्या तोंडून येऊ द्या. मंग काय करायचं ते करा.”

प्रेमसिंगनं व्हय म्हटलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडं मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या होत्या. ही शेवटची.

पुढच्या तारखेला तो मृत्यूचा दाखला घेऊन गेला. देविदासनं तो फायलीला लावला, पानावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “नोंद झाली, बाबा. वाईट झालं.” कसली नोंद, हे प्रेमसिंगनं विचारलं नाही. त्याला वाटलं, मेली म्हणून कळवायचं होतं, कळवलं.

रूपाबाई गेल्यावर तांड्यातल्यांचा धीर सुटत चालला. शेजारची जोडपी येऊन बसायची. “कारभारी, आता बास करा. प्रत्येक तारखेला उसावरून यावं, का गैरहजेरी माफीचे अर्ज करत बसावं? कबूल करून टाकू.” प्रेमसिंग म्हणायचा, तांड्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोला दिलेल्या शब्दापायी सात जिवंत माणसांना अडकवून ठेवलंय, हे बोलायची त्याला लाज वाटायची. आणि अडकवलं होतं हे खोटंही नव्हतं. कधीकधी जीपमध्ये बसल्या बसल्या त्याला स्वतःचाच संताप यायचा, की म्हातारीच्या हट्टापुढं मी पोरांचं वाटोळं करून राहिलो.

सगळ्यांत जास्त झळ शिलाला बसली. बारावी शिकलेली पोर. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिचं नाव यादीत वर होतं. अर्जात रकाना होता : आपल्याविरुद्ध फौजदारी खटला चालू आहे का? तिनं खरं ते लिहिलं. जागा दुसरीला गेली. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, आणि प्रेमसिंग दारात उभा होता. ती काही बोलेल म्हणून तो बराच वेळ थांबला.  तिनं ताट वाढलं. 

व्यंकटरावांनीही हात टेकले. तेव्हा कुणीतरी सांगितलं, की गरिबाला सरकार फुकट वकील देतं, तेही कायद्यात आहे. प्रेमसिंगनं अर्ज केला. वाटलं, फुकटचा वकील म्हणजे नावालाच असेल. आली ती प्रियंका नावाची तिशीतली मुलगी, कळमनुरीकडची, बोलायला चटपटीत. तिनं सगळी फाईल पहिल्या पानापासून वाचली. सहा वर्षांत ती कुणी पहिल्यांदाच वाचत होतं, असं प्रेमसिंगला वाटलं. मग तिनं एक जाडं पुस्तक उघडून त्याला वाचून दाखवलं. “हे बघा बाबा, संविधानाचा एकोणिसावा अनुच्छेद. सर्व नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे.”

“हे कवाचं लिवलेलं हाय, बाई?”

“पंच्याहत्तर वर्षं झाली.”

“मंग जमादाराला कुनी सांगितलं न्हाई का?”

प्रियंका हसली. प्रेमसिंग हसला नाही, त्यानं खरंच विचारलं होतं.

“सगळा खेळ या शब्दावर आहे,” ती म्हणाली. “विनाशस्त्र. त्यांनी कोयते उगारले असं लिहिलंय. तेवढं खोडून काढलं की बाकी काही उरत नाही.”

पुढच्या हिवाळ्यात जमादाराची साक्ष झाली. तो आता निवृत्त झालेला, केस पांढरे, साक्षीच्या पिंजऱ्यात कठड्याला धरून उभा. प्रियंकानं जप्त केलेला मुद्देमाल कोर्टासमोर आणण्याची विनंती केली. लाखेचं सील तोडलं, पोतं उघडलं, आणि पाच कोयते टेबलावर ठेवले गेले. पाचही कोयत्यांच्या पात्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. हंगामाचं शेवटचं उसाचं टिपरू तोडलं की भीमसिंग तांड्यातल्या बायका कोयत्याचं पातं लुगड्याच्या चिंधीनं बांधून टाकतात, ते पुढच्या दसऱ्याच्या पूजेला सोडायचं. प्रवासात लेकराबाळांना लागू नये हेही आहेच. ही रीत फिर्यादीत कुठं आली नव्हती, कारण ती कुणी विचारलीच नव्हती, आणि सांगण्यासारखं यात काही आहे असं तांड्यात कुणाला वाटलं नव्हतं.

“गाठी तुम्ही मारल्या?” प्रियंकानं जमादाराला विचारलं.

“न्हाई. हाताला लागले तवा बांधलेलेच होते.”

“बांधलेला कोयता उगारून कुणाला भीती घालता येते का?”

जमादारानं टेबलावरच्या कोयत्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, “साहेब, तवा लिवायचं तसं लिवलं. कुनी उगारले नव्हते.” त्याला म्हातारपणी खोटं बोलायचा कंटाळा आला असावा. प्रेमसिंगला त्याच्याबद्दल राग उरला नव्हता. त्याचं लक्ष टेबलाकडं होतं. एका पात्यावरची चिंधी हिरवी होती, पिवळ्या बुट्ट्यांची. ते लुगडं त्यानंच घेतलं होतं. आणि ती दुहेरी गाठ रूपाबाईचीच, पातं दाखवायला सोडू गेलेल्या शिपायाला ती सुटता सुटेना. प्रेमसिंगनं पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

निकालाच्या दिवशी आठही जण आले. हंगाम चालू असूनही आले. न्यायाधीश तरुण होते, हळू आणि स्वच्छ वाचत होते. त्यांनी म्हटलं, की जमाव शांत होता, शस्त्र कुणी वापरलं नाही, सांगितल्यावर सगळे उठले, आणि आपली मागणी अशा रीतीनं मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे. आरोपी क्रमांक एक आणि आरोपी क्रमांक तीन ते नऊ यांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.

शिलानं रामप्रसादचा हात धरला. मागं कुणीतरी हुंदका दिला. प्रेमसिंग उभाच राहिला. त्याला वाटलं, साहेबांच्या वाचण्यात चूक झाली.

“साहेब,” तो म्हणाला, “दोन नंबर राहिली.”

प्रियंकानं त्याच्या दंडाला हात लावला. न्यायाधीशांनी थांबा अशी खूण केली आणि फाईल मागं उलटली. देविदासनं तीन वर्षांपूर्वी जे लिहिलं होतं ते पान त्यांनी वाचलं.

“आरोपी क्रमांक दोन मयत आहेत, बाबा. माणूस गेला की त्याच्याविरुद्धचा खटला तिथंच संपतो. तो तीन वर्षांपूर्वीच संपला.”

“संपला म्हंजे ती निर्दोष झाली का?”

“नाही. दोषीही नाही आणि निर्दोषही नाही. कोर्टाला त्यांच्याबद्दल काही म्हणता येत नाही.”

“आमच्या बैठकीत मेलेल्याचंबी नाव घेतेत, साहेब. त्याची चूक नसली तर चार लोकांत तसं सांगतेत. मागं लेकरंबाळं ऱ्हातेत ना त्याची.” प्रेमसिंगचा आवाज चढला नव्हता. तो विनवत होता. “बस तिनं मागितली व्हती. सगळ्यात आधी तीच बसली. आमी तिच्या मागून बसलो. आमी निर्दोष, आन् ती कोनीच न्हाई?”

 न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला. “तुमचं म्हणणं मला समजतंय,” ते म्हणाले, आणि ते खरंच समजलेल्या माणसासारखे दिसत होते. “पण मला तो अधिकार नाही.” मग त्यांनी पुढची फाईल घेतली.

बाहेर व्हरांड्यात जोडपी फोन करत होती. सुटलो म्हणून तांड्यात सांगत होती. प्रियंका प्रेमसिंगजवळ येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. “बाबा, हे मला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही त्यांच्यासाठी लढताय हे माझ्या लक्षातच आलं नाही.” मग ती म्हणाली, “पण निकालात लिहिलंय ना, जमावातल्या कुणीही गुन्हा केला नाही. त्यात रूपाबाईही आल्याच की.”

“आली आसंल,” प्रेमसिंग म्हणाला. “पर ती नावानं हाक मारल्याबिगर वळून बघत नव्हती, बाई.”

कायद्यात याला पुढं काही वाट आहे का, हे त्यानं विचारलं. प्रियंकानं खरं ते सांगितलं, की नाही. शिक्षा झाली असती तर घरच्यांना अपील चालवता आलं असतं. इथं शिक्षाच नाही, तर अपील कशावर करणार? प्रेमसिंगनं मान हलवली. तिचे आभार मानले. ती दुसऱ्या प्रकरणाला आत गेली.

शिला त्याच्याजवळ बाकड्यावर बसली. तीन वर्षं न बोललेलं आता दाबून ठेवण्यात काही हशील नव्हतं. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “मी तुमाला फसवलं, पोरी. तांड्याची इज्जत म्हनत व्हतो. तसं काही न्हवतं. तिला शबूद दिला व्हता मी, की तुझी चूक न्हवती असं त्याहिच्या तोंडून आनतो. तेच्यापायी तुमा समद्यांना तीन वर्षं ओढलं. तुझी नोकरी घालवली. आन् तिचं तर कायबी झालं न्हाई.”

शिला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“आमाला म्हाईत व्हतं, मामा.”

“काय म्हाईत व्हतं?”

“आत्याबाईनं मलाबी सांगितलं व्हतं, जाताना. हे बास करा म्हनाया लागले, तवा मी समद्यांना सांगितलं. म्हनून तर तारखेला येत व्हतो आमी. तुमचा शबूद म्हनून न्हाई. तिच्यासाठीच येत व्हतो.”

प्रेमसिंगनं तिच्याकडं पाहिलं, मग व्हरांड्यात फोन लावणाऱ्या त्या सगळ्यांकडं पाहिलं. इतकी वर्षं तो ज्यांना ओढत आणत होता, ते आपल्या पायांनी येत होते.  त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तो लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला. शिलानं त्याला रडू दिलं. आत शिपाई पुढच्या प्रकरणातली नावं पुकारत होता.